चढणाऱ्याला आधी वाट

समस्त नाशिककरांना, तसेच कामानिमित्त, कुंभमेळ्यानिमित्त अथवा चुकून नाशकात आलेल्या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आपल्या या शहरात एके काळी एक गृहस्थ राहत होते, जे पायी चालताना वळणावर हॉर्न देत असत. तोंडाने. “पोंऽऽ” असा. ही अफवा नाही. पंचवटीतल्या एका बोळाच्या कोपऱ्यावर तो हॉर्न मी स्वतः ऐकला आहे, आणि कोपऱ्यापलीकडून येणारी एक म्हातारी दचकून भिंतीला चिकटलेली पाहिली आहे. म्हातारीने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आजी, टक्कर होण्यापरीस शिव्या बऱ्या.”

हे आमचे गियरनाना. सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर. नाशिक-पेठ ही त्यांची नेहमीची फेरी, त्यामुळे त्या रस्त्यावरच्या घाटाचं एकेक वळण त्यांना घरातल्या पायरीसारखं पाठ होतं. सडपातळ अंग, मानेपर्यंत उन्हाने रापलेला चेहरा, आणि उजवा हात डाव्यापेक्षा चार छटा काळा, कारण तो कायम खिडकीबाहेर असायचा. खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांच्या निधनाच्या बातमीतच कळलं.

सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. नाशकात पहाटे रस्त्यावर पळणारा माणूस दिसला तर लोक आधी त्याच्यामागे पोलीस आहे का ते बघत. अशा काळात आम्ही आठ-दहा नोकरदारांनी धावण्याचं मंडळ काढलं होतं. मंडळाचे कार्यवाह सबनीस सर. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि गळ्यात स्टॉपवॉच घालायचे. झोपतानाही ते काढत नसावेत. ओझरच्या विमान कारखान्यातला एक तरुण फिटर होता, नाव गांगुर्डे, आमच्यातला सगळ्यांत वेगवान. आणि मी होतो, पाटबंधारे खात्यातला कारकून. माझ्या वेगाबद्दल पुढे येणारच आहे, घाई नको. माझ्या बाबतीत घाई कधीच नव्हती.

आम्ही पेठ नाक्यावरून निघून गावाबाहेर पळायचो. रोज एक लाल गाडी आम्हाला मागे टाकून जायची. एका रविवारी पहाटे खाकी अर्धी विजार आणि कॅनव्हासचे बूट घातलेला एक माणूस नाक्यावर आमची वाट बघत उभा होता. “चार महिनं झालं, रोज तुमाला ओव्हरटेक करतोय,” तो म्हणाला. “बघवत नाय आता. तुमी समदे चुकीच्या गियरात पळता.”

सबनीस सरांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “आपण कधी धावला आहात का?”

“नाय. पन चाळीस माणसं घिऊन रोज घाट चढतो. तुमाला तर फक्त तुमचं तुमचंच न्यायचंय.”

त्या दिवशी चढावर ते गांगुर्डेच्या बरोबरीने राहिले. तेव्हा त्यांचं वय चाळीशीच्या पुढे होतं.

नानांचं धावण्याचं सगळं शास्त्र ड्रायव्हरच्या सीटवरून आलेलं होतं. पहिला फर्लांगभर ते इतके हळू पळायचे की दूधवाले त्यांना मागे टाकायचे. “थंड इंजिनाला रेस देऊ नये.” मग सेकंड, मग थर्ड. सपाटीवर टॉप. चढ लागण्याआधीच त्यांची पावलं आखूड होत. “चढ लागल्यावर गियर बदलतो तो शिकाऊ. चढ दिसल्यावर बदलतो तो डायवर.” आणि उताराबद्दल तर ते फारच कडक होते. आम्ही उतारावर हात सोडून, जीभ काढून, मजेत सुटायचो. नाना मागून ओरडायचे, “न्यूट्रल करू नगा! उताराला न्यूट्रल करणारा डिझेल वाचवतो आन् पाशिंजर घालवतो!” ज्या गियरात चढायचं त्याच गियरात उतरायचं, हा त्यांचा मूलमंत्र. शर्यत संपल्यावरसुद्धा ते बसायचे नाहीत. पाच मिनिटं जागच्या जागी पाय हलवत उभे राहायचे. तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नसतं.

बुटांचे तळवे झिजले की नवे बूट घ्यायचे ही चैन त्यांना ठाऊक नव्हती. नाक्यावरच्या चांभाराकडून ते स्कूटरच्या जुन्या टायरची पट्टी तळव्याला लावून घेत आणि त्याला “रिमोल्ड” म्हणत. त्यामुळे ओल्या मातीत नानांच्या पावलाचा ठसा स्कूटर गेल्यासारखा उमटायचा. पाटबंधारेवाला म्हणून मला ते नुसतं “पाटबंधारे” अशी हाक मारत. माझी तपासणी त्यांनी पहिल्याच आठवड्यात उरकली होती. “पाटबंधारे, तुमचं इंजिन बरं हाय. पन सायलेन्सर फाटलाय.” मी धापा फार मोठ्याने टाकायचो. दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री जागी होत, हे खरं आहे.

आणि आता तो नियम, ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं आहे. घाटात एक गाडी चढत असेल आणि एक उतरत असेल, आणि रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने थांबायचं. चढणाऱ्याला आधी वाट. घाटातला कुठलाही ड्रायव्हर हे सांगेल. फक्त नाना हा नियम घाटाबाहेरही पाळत. जिन्यावर पाळत. त्यांच्या चाळीच्या जिन्यावरून खाली येताना कुणी बाई पाण्याची कळशी घेऊन वर येताना दिसली, की नाना कठड्याला टेकून उभे. कळशी नसली तरी उभे. एकदा मी त्यांच्याबरोबर सिनेमाला गेलो. खेळ सुटल्यावर बाल्कनीचा जिना उतरताना पुढच्या खेळाचा एक प्रेक्षक वर येताना दिसला. नाना डावीकडे सरून थांबले. त्यांच्यामागे बाल्कनीतले दोनशे लोक थांबले. मागून कुणी ओरडलं, “ओ काका, काय पंक्चर झालं काय?” नाना मागे वळून म्हणाले, “लोडेड गाडी हाय वर येणारी. जरा दम धरा.” वर येणारा माणूस खरंच जाडजूड होता. तो बिचारा लाजेने अर्धा झाला.

पेठ रस्त्याच्या त्या घाटात दरवर्षी थंडीत एक शर्यत व्हायची. घाटाखालच्या गावच्या शाळेपासून निघायचं, घाट चढायचा, माथ्यावर रोवलेल्या झेंड्याला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. पहिलं बक्षीस भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ, मेन रोडवरच्या एका दुकानदाराने ठेवलेलं. दुसरं बक्षीस भांडी बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून, झाकणाचा स्टीलचा डबा. नाना पाच वर्षं त्या शर्यतीत उतरले आणि पाच वर्षं दुसरे आले. दर वर्षी पहिला येणारा निराळा, दुसरे नानाच. त्यांच्या बायको माई आम्हाला चहा देताना फळीवरचे डबे दाखवत म्हणायच्या, “आमच्यात डाळी तीन आन् डबे पाच. दोन डबे रिकामेच वाजत्यात.”

पहिल्या वर्षी दुसरे आल्यावर नानांनी घरी येऊन खाटेसमोरच्या भिंतीत एक मोठा खिळा ठोकला होता. घड्याळासाठी. पुढच्या वर्षी मिळणारच होतं. मग त्या खिळ्याला माई बाजाराची पिशवी अडकवू लागल्या. नाना घरी आले की आधी पिशवी काढून खाली ठेवायचे. ते कामावर गेले की पिशवी पुन्हा वर. या विषयावर दोघांत कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

“नाना, घड्याळ विकत का घेत नाही?” मी एकदा विचारलं.

“पाटबंधारे, बावीस वर्स कंट्रोलरच्या घड्याळावर गाडी काढली. त्यानं शिटी मारली की निघायचं. घरातलं घड्याळ आपल्या पायानं आलं पायजेल. मंग त्याच्यापुढं बसून मी चा थंड करून पिनार.”

सहाव्या वर्षी त्यांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला आपल्या भाषेत सांगितलं: “लायनर घासलाय. ह्या साली शेवटची फेरी, मंग गाडी शेडला.” त्या वर्षी ते असे काही तयार झाले होते की सबनीस सरांचं स्टॉपवॉचसुद्धा भांबावलं. सरावात त्यांनी गांगुर्डेला चढावर दोनदा मागे टाकलं. सबनीस सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “या वर्षी खिळा भरणार.” सर असं बोलणारे नव्हते.

शर्यतीला माई पहिल्यांदाच आल्या. बरोबर घडी घातलेली जुनी चादर. “घड्याळाची काच असती, गाडीत हिंदकळंल,” म्हणाल्या. नानांनी चादर पाहिली. बुटाची नाडी त्यांनी पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

चढावर काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण पहिल्या वळणापासूनच शर्यत माझ्यापुढे होती आणि मी तिच्यामागे होतो. माझ्यामागे फक्त शाळेच्या शिपायाची सायकल होती. आम्हाला गोळा करत यायचं काम त्याच्याकडे होतं. अर्ध्या घाटात एका मोरीचं काम चालू होतं, म्हणून त्या दिवशी घाटात गाड्या बंद होत्या. रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला खड्डा, डोंगराच्या बाजूला खडीचा ढीग आणि डांबराची पिंपं. मधून एकच माणूस जाईल एवढी पट्टी, लांबी तीसेक पावलं. जाताना सगळे एका दिशेने गेले होते, त्यामुळे कुणालाच त्या पट्टीचं काही वाटलं नव्हतं.

मी पट्टीत शिरलो आणि वरच्या वळणावरून आवाज आला, “पोंऽऽ!”

नाना. एकटे. त्यांच्यामागे रस्ता रिकामा. गांगुर्डे अजून वळणाच्याही पलीकडे होता. नाना उतारावर असे येत होते की बघत राहावं. आखूड पावलं, खांदे सैल, हनुवटी खाली. थर्ड गियर. मला इतका आनंद झाला की मी पट्टीच्या मधोमध उभा राहून टाळ्या वाजवल्या.

नानांनी मला पाहिलं आणि ते थांबले.

पट्टीच्या वरच्या तोंडाशी, डाव्या अंगाला सरून, जागच्या जागी पाय हलवत. उजवा हात बाहेर काढून त्यांनी मला खूण केली. ये.

“नाना, या! तुम्ही या!” मी किंचाळलो. “मी मागे सरतो!”

“चढावर रिव्हर्स नाय घ्यायचा!” नाना ओरडले. “ये तू! चढणाऱ्याला आधी वाट!”

“अहो, मी शेवटचा आहे!”

“म्हून काय झालं? चढतोयस ना?”

मी खडीच्या ढिगावर चढून वाट मोकळी करायचा प्रयत्न केला, तर खडी घसरली आणि मी पुन्हा पट्टीत. मग मी जीव खाऊन पळालो. म्हणजे मला तसं वाटलं. शिपायाने नंतर सांगितलं की तो सायकल हातात धरून चालत होता आणि तरी त्याला माझ्यासाठी थांबावं लागत होतं. सायलेन्सर पार फाटला. नाना वरून सांगत होते, “घाई नको. फस्टमदीच ये. हां. हां.” मी पट्टीबाहेर पडलो तेव्हा गांगुर्डे वळणावरून आला होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वाट मोकळी दिसली, तो सरळ पट्टीत घुसला. नाना त्याच्या मागोमाग. मी खडीवर बसून त्या दोन पाठमोऱ्या आकृती खाली जाताना पाहिल्या आणि माथ्यावरच्या झेंड्याला त्या वर्षी वळसा घातलाच नाही.

नाना सात-आठ पावलांनी दुसरे आले. शेवटच्या उतारावर त्यांनी टॉप टाकला असता तर कदाचित जमलं असतं. पण ज्या गियरात चढले त्याच गियरात ते उतरले.

सबनीस सरांना प्रकार कळला तेव्हा त्यांनी आयुष्यात प्रथमच स्टॉपवॉच गळ्यातून काढलं. “शर्यतीत कसली वाट, नाना? शर्यत म्हणजे काय हे तरी माहीत आहे का तुम्हाला?” नाना पाय हलवत उभे होते. “माहीत हाय, सर. पन घाट बी माहीत हाय.”

बक्षीस देताना सरपंचांनी गमतीने विचारलं, “काय ड्रायव्हरसाहेब, ऐकलं ते खरं? मधेच थांबलात म्हणे?”

“नियम हाय, साहेब. उतरती गाडी थांबती.”

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून माईंचा आवाज आला, “अवं, पन तुमी गाडी न्हवतात ना!”

सगळा गाव हसला. नानाही हसले. सरपंच तर टेबलाला धरून हसले. स्टीलचा डबा चादरीत गुंडाळून माईंनी मांडीवर घेतला आणि परतीच्या गाडीत तो मुळीच हिंदकळला नाही.

मी आठवडाभर सरावाला गेलो नाही. मग एका संध्याकाळी नानांच्या घरी गेलो. माफी मागायची तर काय मागायची, तेही कळत नव्हतं. पिशवी खिळ्यावर होती आणि नाना घरी असूनही ती कुणी काढली नव्हती. मी तिच्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

“नवा होतो तवाची गोष्ट हाय,” ते म्हणाले. “ह्याच घाटात, उताराला. खालून वाळूचा ट्रक येत होता. मी म्हनलं, काढू पटकन, आपल्याला टाइम गाठायचाय. घुसलो. ट्रकवाल्याला थांबावं लागलं. भरल्याली गाडी चढाला थांबली की मागं सरती, पाटबंधारे. क्लीनर उडी मारून चाकामागं दगड ठिवायला गेला. दोन बोटं गेली त्याची.” त्यांनी आपल्याच उजव्या हाताची दोन बोटं मिटून दाखवली. “माझ्यावर केस नाय, काय नाय. कुनी बोललं बी नाय. गाडी टायमात लागली.”

माई आतून चहा घेऊन आल्या. नाना एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, “आन् तुमी पट्टीत टाळ्या कशापायी वाजवत होता? हॅन्डलवरचा हात सोडायचा असतो व्हय?”

गांगुर्डे त्यांच्याकडे माझ्याआधीच जाऊन आला होता, हे मला मागाहून कळलं. घड्याळ घेऊन. हे तुमचं आहे, म्हणाला. नानांनी ते लंबकासकट उलटसुलट पाहिलं, कानाला लावलं, आणि परत त्याच्या हातात दिलं. “उभ्या गाडीला ओव्हरटेक केलंस. नियमात केलंस. घिऊन जा.”

सबनीस सरांनी मात्र नानांना माफ केलं नाही. मंडळाच्या वहीत त्यांनी त्या वर्षीच्या निकालात लिहिलं: “दुसरा क्रमांक, स्वतःच्या हट्टाने.” पुढे नानांनी धावणं सोडलं, तरी रविवारी ते नाक्यावर येऊन आमचे गियर तपासत. सर दर वेळी त्यांना ऐकवत, “पहिले आला असतात.” नाना म्हणत, “आलो असतो.” बस. एवढंच. हा संवाद आठेक वर्षं चालला. त्यात कधी एक शब्द वाढला नाही की कमी झाला नाही. पण एक गोष्ट मी पाहत होतो. शाळेच्या जिन्यावरून उतरताना खालून पोरं वर येऊ लागली की सर, शाळेत ज्यांना पोरं चळाचळा कापत ते सर, कठड्याला टेकून उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, “पाय दुखतो.”

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी नाना गेले. दुपारी जेवून खाटेवर पडले आणि उठले नाहीत. आम्ही मंडळाचे सगळे जमलो. खिळ्यावर पिशवी होती, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. सकाळीच त्यांनी स्वतः आणलेली, असं माई म्हणाल्या.

तिरडीला खांदा आम्हीच दिला. पुढे मडकं घेऊन नानांचा मुलगा, त्याच्यामागे डाव्या खांद्याला सबनीस सर, उजव्याला गांगुर्डे, मागे मी आणि आणखी एक जण. चाळीपासून नदीकडे जाणारा रस्ता चांगलाच उताराचा. बोळाच्या वळणावर आलो तेव्हा माझ्या घशाशी एक “पोंऽऽ” आला होता. तो मी गिळला. वळलो, तर समोर एक टेम्पो लावलेला, त्यामुळे निम्मा रस्ता अडलेला, आणि उरलेल्या निम्म्यातून खालून एक हातगाडी वर येत होती. फरश्यांनी भरलेली. ओढणारा पार वाकलेला, मानेच्या शिरा ताणलेल्या, गाडी इंचाइंचाने सरकत होती.

आम्ही थांबलो. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. चौघंही डाव्या अंगाला सरलो आणि उभे राहिलो, आणि आमच्यामागे सगळी यात्रा थांबली. मागून कुणी वडीलधारे गृहस्थ करवादले, “अरे, इथं काय थांबता? विसावा पुढं आहे! चला, चला!” कुणी हललं नाही.

हातगाडीवाल्याने मान वर केली. समोर तिरडी, आणि तिरडी त्याच्यासाठी थांबलेली. तो इतका घाबरला की त्याने ओढणं सोडलं. गाडी मागे सरकायला लागली. “तुमी जा, दादा,” तो कसाबसा म्हणाला, “आदी तुमी जा!”

तेव्हा सबनीस सर, खांद्यावरच्या बांबूखालून, डोळे पुसायला हात मोकळा नसलेले सबनीस सर, भर रस्त्यात ओरडले, “थांबू नकोस रे, तू ये वर! आमची गाडी उताराला आहे!”